चार बोल्टांचं झाकण

"तेवढं सोडून बोला, रावयाच्या आई. ते तुमचं नाही, चोराचं आहे."

असं म्हणत नस्सीम प्लंबरनं बिडाच्या त्या जाडजूड झाकणावर पान्हा हलकेच आपटला. झाकण छान घुमलं. इन्शिराहबाईंनी हात मागे घेतला, पण नजर काही निघेना. झाकण त्यांच्या मनात भरलं होतं. काळंभोर, वजनदार, वर वेलबुट्टी. ट्राम वरून गेली तरी हूं की चूं करणार नाही असं.

"म्हणजे माझ्या दुकानात चोरीचा माल आहे म्हणता?" गल्ल्यावरचा दुकानदार गुरगुरला.

"चोरीचा नाही हो, चोराचा. इथनं यांच्या दारात गेलं की तो रातोरात उचलून भंगारात घालणार. यांचं मागचं झाकणही तुमच्याकडूनच नेलं होतं. बघा बरं, ते परत इथंच आलं नाही ना?"

दुकानदार हसला आणि त्यानं चहा मागवला. इस्कंदरियाच्या, म्हणजे अलेक्झांड्रियाच्या, लोखंडबाजारात ज्याला चहा पाजला त्याला रिकाम्या हातानं सोडायचं नाही, असा रिवाज आहे. इन्शिराहबाईंना तो ठाऊक होता, तरी त्यांनी चहा घेतला. त्या आज रिकाम्या हातानं जायला आल्याच नव्हत्या.

जुनं झाकण उन्हाळ्याच्या शेवटी गेलं होतं. तेव्हापासून इमारतीच्या दारापुढच्या सांडपाण्याच्या चेंबरवर एका मोडक्या कपाटाचं दार टाकलेलं होतं, आणि त्यावर कुणी पाय देऊ नये म्हणून दरवान शलालीनं एक तुटकी खुर्ची उलटी ठेवली होती. थंडीची वादळं तोंडावर आली तशी रहिवाशांची सभा जिन्यात भरली. झाकण हवं यावर सगळ्यांचं एकमत झालं. ते आणायला जायला वेळ नाही, यावर तर त्याहून जास्त झालं. शेवटी दुसऱ्या मजल्यावरचे अद्हम मास्तर म्हणाले, "ज्याचं जळतं त्याला कळतं. तळमजल्यावर राहतात त्या. त्यांनाच निवडू द्या." तेवढ्यात हाजी बरकातनं सूचना केली, "जाळीचं आणा म्हणजे झालं. पाणी आपलं आपण उतरेल, शलालीला पहार घेऊन उभं राहायला नको." सगळ्यांनी माना डोलावल्या, नमाजाची बांग झाली आणि सभा उठली.

हाजी बरकात म्हणजे दाराच्या डाव्या हाताचा गादीवाला. कापूस पिंजायचा, गाद्या-उश्या भरायच्या, नव्या नवरीच्या रजया शिवायच्या. उजव्या हाताला इन्शिराहबाईंचं घर. दोघांच्या मधे ती फरसबंद जागा, रस्त्यापेक्षा खोलगट, आणि तिच्या मधोमध चेंबर. वादळ आलं की रस्त्याचं पाणी तिथं मुक्कामाला यायचं. मग शलाली पायघोळ गलाबिया कमरेला खोचून पहार घेऊन उतरायचा आणि झाकण उचलायचा. पाणी भोवरा करत खाली जायचं आणि गॅलऱ्यांमधून त्याला दुवा मिळायचा. या शहरात सगळे असंच करतात. प्रत्येक दारात एक शलाली असतो आणि प्रत्येक शलालीकडे एक पहार असते.

आणि तासाभरानं इन्शिराहबाईंच्या मोरीतून काळं पाणी वर यायला लागायचं. वरच्या चार मजल्यांचं जे जे काही, ते सगळं घेऊन. मग बाई अनवाणी बाहेर धावायच्या. "शलाली, झाकण उघड रे, माझं घर बुडालं!"

"उघडलंच आहे, बाई."

"मग अजून उघड!"

अशी वर्षं गेली. आधी गालिचा गेला, मग लग्नातले फोटो, मग शिलाई मशीनचं लाकूड कुजलं. नवरा बंदरात क्रेन चालवायचा; तो होता तोवर दोघं मिळून बादल्या उपसत आणि मग दमून हसत. तो गेल्यावर उपसणं राहिलं, हसणं गेलं. हळूहळू पलंग विटांवर गेला, कपाट विटांवर गेलं, फ्रिज विटांवर गेला. घरात जमिनीवर म्हणून काय ते बाई स्वतः उरल्या.

या उन्हाळ्यात तुंबलेली नळी साफ करायला नस्सीम आला आणि त्यानं कोपरापर्यंत हात घालून ढीगभर वाळू काढली. "रावयाच्या आई, ही वाळू तुमच्या न्हाणीतली नाही. ही समुद्राकाठची, रस्त्यावरून आलेली. चेंबरपासून रस्त्यापर्यंतची नळी माझ्या दंडाएवढी. ती तुमच्या आंघोळीसाठी आहे आणि तुम्ही तिच्यात अख्खा रस्ता ओतता. मग ते जाणार कुठं? सगळ्यात खालचं तोंड कुणाचं? तुमच्या मोरीचं."

बाई बघतच राहिल्या. "म्हणजे एवढी वर्षं मी ओरडून ओरडून…"

"सगळेच ओरडतात. माझी आईसुद्धा ओरडायची."

गोष्ट घरातल्या पाण्यापुरती राहिलेली नव्हती. गेल्या थंडीत दमनहूरहून लेक रावया आली होती. आईला गुडघाभर घाणीत उभी बघून ती बसून रडली. जाताना तिनं आईकडून शब्द घेतला, पुढच्या थंडीत एकदा जरी पाणी आलं तर घर सोडायचं आणि तिच्याकडे यायचं. बाईंनी शब्द दिला होता. रावयाचं घर चांगलं होतं, जावई तर फारच चांगला. पण तिथं कप कुठं ठेवलेत हेही विचारावं लागतं. या घरात बाई अंधारात उठल्या तरी काडेपेटी हाताला लागायची. नवरीच्या पायांनी ज्या दारातून आत आल्या त्याच दारातून लोकांनी उचलून बाहेर न्यावं, एवढीच त्यांची इच्छा होती आणि ती त्या कुणाला सांगत नसत.

"हे बघा," नस्सीमनं एक राखाडी झाकण पुढं ओढलं. "फायबरचं. भंगारवाला याच्याकडे ढुंकून बघणार नाही. पण हलकं आहे, नुसतं ठेवलं तर पाण्यावर तरंगेल. म्हणून हे चार बोल्ट. खाली हे रबराचं कडं. आवळलं की थेंब आत जाणार नाही आणि वास बाहेर येणार नाही."

"जाळीचंच जातं सगळीकडं," दुकानदार म्हणाला. "परवाच एका गल्लीनं सात नेली."

जाळीचं झाकणही तिथंच भिंतीला टेकून उभं होतं. इन्शिराहबाई त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. त्या जाळीच्या प्रत्येक भोकात त्यांना एकेक शेजारी दिसत होता, आणि सगळे मान डोलावत होते. मग त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला.

"बोल्टाचं द्या."

"आणि हा त्याचा पान्हा," दुकानदार म्हणाला. "साधा लागत नाही याला. हरवू नका."

बाईंनी पान्हा पर्समध्ये टाकला. पर्स एकदम जड झाली.

दुसऱ्या दिवशी नस्सीमनं छिन्नीनं जुनी चौकट फोडली. चेंबरातून पुन्हा दोन घमेली वाळू निघाली, एक चमचा निघाला, एका लहान पोराची चप्पल निघाली. त्यानं कडा घासून धुतल्या, माल कालवला, नवी चौकट बसवली आणि पाणसळ ठेवून चारी बाजूंनी वाकून वाकून पाहिलं. एका कोपऱ्यात थापीनं जरा ठोकलं, पुन्हा पाहिलं. "फरशीपेक्षा बोटभर वर ठेवतोय. पाणी साचून राहायला नको. आणि कडेनं उतार देतो, म्हाताऱ्याकोताऱ्यांना ठेच नको."

"म्हणजे माझी पहार आता रिटायर," शलाली झाडूवर हनुवटी टेकून म्हणाला. हा दक्षिणेकडच्या नूबियातला काळासावळा, उंच माणूस. मिसरूड फुटलं नव्हतं तेव्हा या दारात आला होता, आता लेकीचं लग्न ठरवून बसला होता.

"पहारीला पेन्शन देऊ," नस्सीम म्हणाला.

एवढ्यात हाजी बरकात दुकानातून बाहेर आला. भुवयांवर, दाढीवर कापूस. त्यानं चेंबरभोवती एक फेरी मारली. "जाळी कुठाय?"

"जाळीचं नाही आणलं, हाजी," इन्शिराहबाई म्हणाल्या.

"संपली होती?"

"होती. मी घेतली नाही."

"असं. म्हणजे सभेत मान हलवायची आणि बाजारात आपल्या मनाचं करायचं."

"माझी मान हलली नव्हती. बाकीच्यांच्या एवढ्या हलल्या की माझी कुणाला दिसली नाही."

नस्सीमनं खाली मान घालून माल सारखा करायला घेतला. हाजीचा आवाज चढला नाही. तो चढला असता तर बाईंना सोपं गेलं असतं.

"रावयाच्या आई, तुमच्या घरात पाणी आलं तर पुसता येतं. कापूस पुसता येतो का? भिजला की त्याचा चिखल. आणि आत आत्ता कुणाचा कापूस आहे माहीत आहे? या शलालीच्या लेकीचा, सकीनाचा, लग्नाच्या गाद्यांसाठी. चांगला लांब धाग्याचा. या माणसानं तीन वर्षं थोडा थोडा करून जमवलाय. पाणी इथं तुंबलं तर माझ्या उंबऱ्यावरून आत शिरणार, हे तुम्हाला दिसत नाही?"

"पुसता येतं म्हणता? या ना एकदा पुसायला. एवढ्या वर्षांत कधी आला नाहीत."

शलालीनं झाडू उगाच दोनदा फिरवला. बाईंना वाटलं, आपण जरा जास्तच बोललो. पण शब्द चुकीचा नव्हता, त्यामुळे तो परतही घेता येईना.

"उंबऱ्यापुढं विटांची ओळ लावून घ्या," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "मी विटा देते. माझ्याकडे पुष्कळ आहेत."

"तुमच्या विटा तुम्हाला लखलाभ," हाजी म्हणाला आणि आत गेला.

रोज दुपारी हाजीच्या दुकानात चहा झाला की एक पेला इन्शिराहबाईंच्या खिडकीत यायचा. नवरा होता तेव्हापासूनची ही पद्धत. त्या दिवशी पेला आला नाही, दुसऱ्याही दिवशी नाही. सकाळचं सलाम-आलेकुमही तोंडातल्या तोंडात व्हायला लागलं. बाई खिडकी मात्र त्या वेळेला उघडीच ठेवत.

बोल्ट आवळताना नस्सीम म्हणाला होता, "एक सांगून ठेवतो. मी म्हणतो ते अनुभवानं, आमच्या बायबलावर, इंजीलावर, हात ठेवून नाही. रस्त्याची मोठी लाइनच भरून आली तर पाणी मागनं येईल. त्याला माझं झाकण काही करू शकणार नाही."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही जाळी घेतली असती."

बाई मनाशी म्हणाल्या, शेजाऱ्याशी आपण वैर घेऊन बसलो आणि हा आता इंजीलाची गोष्ट काढतो. त्या दिवसापासून त्या रोज सकाळी मोरीतल्या भोकाकडे बघायच्या. ते कोरडं, काळं भोक काहीच बोलायचं नाही.

कासिमचं वादळ आलं ते शुक्रवारी, उजाडता उजाडता. या शहरातल्या वादळांना नावं आहेत, तारखा आहेत, आणि बहुतेक ती सरकारी माणसांपेक्षा वक्तशीर असतात. आधी वारा आला, खिडक्यांच्या झडपा थोबाडीत मारल्यासारख्या आपटल्या, मग समुद्रच उचलून ओतावा तसा पाऊस. बाईंनी मसूर शिजायला टाकला. पावसाळी दिवशी मसुराचं कढण नाही असं घर इथं सापडायचं नाही. पण कांदा चिरताना त्या सारख्या मोरीकडे वळून बघत होत्या.

नाश्त्याच्या वेळेपर्यंत रस्ता भरला आणि पाणी फरसबंदीवर उतरलं. राखाडी झाकण आधी बेटासारखं दिसत होतं, मग नुसती कड दिसू लागली, मग तेही नाही. गॅलऱ्या जाग्या झाल्या.

"शलाली, काय झोपलास का? उघड!"

"पान्हा बाईंकडे आहे!" शलाली खालून ओरडला. पहार त्याच्या हातात होती, सवयीनं. तिचं काय करावं हे त्याला कळत नव्हतं.

"अहो रावयाच्या आई!" तिसऱ्या मजल्यावरून मॅडम नबविय्यांनी दोरीला बांधलेली टोपली खाली सोडली. रोज ती भाकरी-भाजी घ्यायला उतरते. आता ती बाईंच्या नाकासमोर येऊन वाऱ्यानं गरगरा फिरायला लागली. "टोपलीत टाका पान्हा! माझी गाडी बुडतेय!"

"गाडीला वर बोलवा," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या मजल्यावरून अद्हम मास्तरांचा समजुतीचा आवाज आला. "थोडंसंच उघडू या. बोटभर. पाणी उतरलं की लगेच बंद."

"मास्तर, माझ्या घरात ते बोटभर येत नाही."

बाई घरात गेल्या. मोरी कोरडी होती. त्यांनी खाली बसून कान लावला. आत कुठं तरी गुडगुड चालली होती. रस्त्याची लाइन भरतेय की काय? त्या उठल्या, नवऱ्याचे बंदरातले रबरी बूट पायांत चढवले, ओढणीआड पान्हा घेतला, बाहेर आल्या आणि सरळ पाण्यात उतरून झाकणावर उभ्या राहिल्या. पायाखाली झाकण घट्ट होतं, हे त्यांना बुटांतूनही कळत होतं.

समोर हाजी बरकात उंबऱ्यावर उभा होता. पाणी उंबऱ्यापासून चार बोटं खाली. विटा त्यानं शेवटपर्यंत लावल्याच नव्हत्या. त्याच्यामागं दुकानात, जमिनीपासून छतापर्यंत, पांढऱ्याशुभ्र कापसाची पोती. हाजी ओरडला नाही. पान्हाही मागितला नाही. तो नुसता पाण्याकडे बघत होता, आजारी माणसाच्या उशाशी बसलेला माणूस बघतो तसा.

शलाली पाण्यातून चालत बाईंजवळ आला. एवढ्या वर्षांत त्यानं त्यांच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. "बाई," तो म्हणाला, "सकीनाचा कापूस आहे."

"माहीत आहे मला."

"मग?"

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, हाजीकडे पाहिलं, मग मागं वळून आपल्या दाराकडे पाहिलं. दोन पायऱ्या उतरून खाली असलेलं घर. तिथल्या दारापुढं मात्र त्यांनी स्वतःच्या हातानं विटा रचल्या होत्या आणि सिमेंटनं सांधल्या होत्या. बाहेरून पाणी येणार नव्हतं. येणार असलं तर आतून. पण तोंडातून शब्द निघून गेले होते.

"कापूस माझ्या घरात आणा."

हाजीला वाटलं, वाऱ्यानं आपल्याला भलतंच ऐकू आलं. "कुठं?"

"माझ्या घरात. पलंगावर, कपाटावर, जिथं मावेल तिथं. माझं घर सगळं विटांवर आहे."

"तुमच्या घरात?" हाजी म्हणाला. "इमारतीत बुडणारं घर एकच आहे, रावयाच्या आई, आणि ते तुमचं. आगीतून काढून फुफाट्यात टाकू कापूस?"

"इथं ठेवलात तर भिजणारच आहे. तिथं कदाचित नाही."

"आणि पाणी आलं तर?"

"आलं तर तुमचा कापूस जाईल आणि माझं घर जाईल. मी रावयाकडे जाईन. मग बसवा तुमची जाळी."

हाजीनं दाढीवरून हात फिरवला. पाणी तीन बोटांवर आलं. "बघतोस काय," तो शलालीवर खेकसला, "धर की पोतं."

मग काय गडबड उडाली. शलाली पोती डोक्यावर घेऊन पाण्यातून चालत होता आणि हाजी बाईंच्या दारात उभा राहून ती झेलत होता. दोन फेऱ्या होतात तोच अद्हम मास्तर पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून खाली आले आणि काहीही न बोलता रांगेत उभे राहिले. मॅडम नबविय्यांनी टोपलीतून प्लास्टिकचे पडदे सोडले, पोत्यांवर घालायला. बाईंचा पलंग भरला, टेबल भरलं, कपाट छताला टेकलं, फ्रिजवर तीन पोती चढली. शेवटी घरात चुलीपुरती आणि मोरीपर्यंत जायची अशी एक वाट राहिली. सगळं घर शेतातल्या बोंडांसारखं पांढरं झालं.

शेवटचं पोतं आत येत असताना पाणी हाजीच्या उंबऱ्यावरून दुकानात गेलं.

आणि त्याच वेळी मोरीत गुडगुड मोठी झाली. बाई धावल्या. भोकात पाणी दिसत होतं. वर आलेलं, काळं, हलणारं. एक बुडबुडा फुटला.

हाजी त्यांच्या मागं येऊन उभा राहिला. त्यानंही पाहिलं. दोघांच्या मधे एक पोतं होतं.

"मास्तर!" बाई ओरडल्या. त्या दिवसातलं त्यांचं तेवढं एकच ओरडणं. "वरचे नळ बंद करायला सांगा! कुणी पाणी टाकू नका! आंघोळ नाही, भांडी नाही, काही नाही!"

अद्हम मास्तरांनी आयुष्यभर वर्ग गप्प केले होते. ते जिन्यावरून चढत गेले आणि दार-दार ठोकत सांगत गेले. "नळ बंद. संडासची साखळी ओढायची नाही. हो, तुम्हीसुद्धा. धरून बसा." चौथ्या मजल्यावर कुणी तरी विचारलं, किती वेळ? "मी सांगेपर्यंत," मास्तर म्हणाले. हळूहळू इमारतीच्या भिंतींमधला पाण्याचा आवाज थांबला. एवढं शांत ते घर बाईंनी कधी ऐकलं नव्हतं. फक्त बाहेर पाऊस.

त्या मोरीच्या काठावर बसल्या. हाजी पोत्याला टेकून उभा राहिला. दरवाजात शलाली, अंगावरून पाणी ठिबकतंय, आत यायची हिंमत नाही.

"माझा नवरा असता तर आता विनोद केला असता काही तरी," बाई म्हणाल्या.

"काय केला असता?"

"म्हणाला असता, हाजीनं हुंड्यात घरभर कापूस दिला आणि बायको मोरीत बसलीय."

हाजी हसला नाही, पण त्याच्या दाढीतला कापूस हलला. मग तो म्हणाला, "त्याच्या मयतीला मी आलो होतो. पाणी उपसायला आलो नाही कधी. खरं आहे ते."

बाईंचे डोळे भोकावर होते. पाणी काठाच्या खाली एक वीतभर थांबलं होतं. वरही येत नव्हतं, खालीही जात नव्हतं. रस्त्याची लाइन भरली असती तर एव्हाना आलं असतं, असं त्या स्वतःला सांगत होत्या, आणि लगेच, तुला काय कळतं त्यातलं, असंही सांगत होत्या. चुलीवर मसूर करपायला लागला. हाजीनं जाऊन आच कमी केली आणि पळीनं ढवळला. पुन्हा येऊन उभा राहिला.

मग भोकातून एक घोट घेतल्यासारखा आवाज आला. पाणी खाली सरकलं. थांबलं. पुन्हा सरकलं. पुन्हा एक घोट, मोठा, आणि तळाशी अंधार दिसू लागला.

बाई तशाच बसून राहिल्या. मग त्यांनी हात भोकाच्या कडेवरून फिरवला आणि बोटं बघितली. कोरडी होती.

"गेलं?" हाजीनं विचारलं.

"गेलं."

"पुन्हा येईल?"

"आलं तर बघू. आत्ता तरी गेलं."

शलाली दारातच भिंतीला टेकून खाली बसला आणि डोळे पुसायला लागला. बहुतेक पावसाचं पाणी असावं. हाजीनं पोत्यात कोपरापर्यंत हात घालून आतला कापूस चिमटीत धरला, बाहेर काढला आणि फुंकला. तो हलका होता, हवेत तरंगत गेला. "अल्हम्दुलिल्लाह," तो म्हणाला, आणि मग बाईंकडे न बघता, "तुमच्या त्या जास्तीच्या विटा कुठंयत?"

दुपारी पाऊस ओसरला. रस्त्यावर सरकारी टँकर आला आणि त्यानं पाणी ओढायला घेतलं. मास्तरांनी नळ सोडायला परवानगी दिली तेव्हा चारी मजल्यांनी एकदम पाणी सोडलं. मोरीत नुसती खळखळ झाली आणि पुढं निघून गेली. रावयाचा फोन आला. तिनं नेहमीप्रमाणं आधी तब्येत विचारली नाही.

"आई, पाणी आलं का?"

"नाही."

"खरं सांग."

"नाही आलं गं. माझी वाट बघू नकोस. जेवलीस का तू?"

पलीकडे रावयानं खुर्ची ओढल्याचं ऐकू आलं. मग म्हणाली, "जेवते आता."

फोन ठेवल्यावर बाईंना कळलं की बसायला जागाच नाही. पलंगावर पोती, खुर्चीवर पोती. त्यांनी ओले बूट काढले, पलंगावरच्या दोन पोत्यांच्या मधे जरा जागा केली आणि टेकल्या. पोतं अंगाखाली दबलं आणि त्यांच्या आकाराचं झालं. कापसाला उन्हाचा वास होता. पाठ, गुडघे, खांदे, सगळं एकेक करून दुखायचं थांबलं.

हाजी आणि शलाली पोती न्यायला आले तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं. बाईंना दाराची करकर ऐकू आली. उठायला हवं असं वाटलं, पण पापण्या उघडल्या नाहीत.

"उठवू का?" शलाली कुजबुजला.

"नको. तुझ्या लेकीच्या कापसाला कुठं जायची घाई आहे?" हाजीचा आवाज. "दुकान आधी पुसून घेऊ. चल, बादली आण. आणि दार हळू लाव."

दार हळू लागलं. बाई कूस बदलून झोपल्या.